सुनंदाच्या पत्राचं दुसरं पान

८ मार्च २००३, शिरूर
टपालखात्याचा जाहीर निषेध (या वहीपुरता). अमेरिकेच्या लिफाफ्यावर 'वाकवू नये' असं ठळक छापलेलं असताना पोस्टमनने तो दुमडून खिडकीच्या गजात खोचला. आतल्या फोटोत सुनंदाच्या प्राध्यापिकाबाईंच्या नाकावरून थेट घडी. बाई तरी हसताहेत. थोर.

सुनंदा म्हणजे मांडवगणच्या धोंडीआप्पांची धाकटी. तिथल्या हायस्कुलात माझ्या हाताखाली शिकली. संस्कृतची रूपं कधी पाठ केली नाहीत. आता अमेरिकेत एम.एस्सी. करते. विद्यापीठ कृष्णवर्णीयांचं, इतरत्र दारं बंद होती तेव्हा त्यांच्यासाठी निघालेलं. लिहिते, घरात पहिलंच शिकणारं असणं इथं नवल नाही सर, निम्मा वर्ग तसाच.
काम मेंढ्यांच्या जंतांवर. जंत रक्त पितात, म्हणून पापणी उलटून आतला रंग बघायचा, फिकट दिसली तरच औषध. पण रंग नि रक्ततपासणी जुळेनात. रडकुंडीला आली आहे.

९ मार्च
एस.टी.ने मांडवगण. आप्पांना पत्र वाचून दाखवलं. नेहमीप्रमाणे दोनदा. मेंढरं विकून त्यांना बरीच वर्षं झाली, पण ऐकताना बोटं पापणी उलटल्यासारखी हलत होती.
"उन्हातनं चालून आलेलं जनावर खोटं लाल दिसतं, मास्तर. आधी सावलीला निवू द्या म्हणावं तिला."
लगेच पत्र टाकलं. संशोधनाला माझा हातभार: तिकीट चिकटवणे.

५ एप्रिल
सुनंदाचं उत्तर. मेंढ्या सावलीत थांबवून पाहिल्या. जुळतंय! बाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? ही म्हणाली, माझ्या वडिलांत.

२६ एप्रिल
विद्यार्थ्यांच्या संशोधन मेळाव्यात पहिली आली. पोस्टरच्या तळाशी आभार: धोंडीबा, मांडवगण फराटा. सौ.ने पेढे आणवले, मला अर्धा. शुगर.
पत्राची पानं दोन. दुसऱ्यावर: पीएच.डी.साठी बाई ठेवून घेताहेत, आणखी चार वर्षं. 'तुम्हीच आप्पांना विचारा, सर. ते नको म्हणाले तर मी येते.' पंधरा मेच्या आत कळवायचंय.

२७ एप्रिल
आप्पांनी पोस्टरचा फोटो लांब धरून पाहिला. आपलं नाव कुठाय ते विचारून घेतलं, त्यावर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "मेंढीचं नाव न्हाई घातलं व्हय?"
पहिलं पान वाचलं. दुसरं खिशातच राहिलं. पुन्हा वाचा म्हणाले. पुन्हा पहिलंच वाचलं.
निघताना: "एवढ्या मोठ्या बातमीला एकच पान?"
म्हटलं, घाईत असेल.
"आसंल," म्हणाले. स्टँडपर्यंत सोडायला आले. एरवी येत नाहीत.

२८ एप्रिल
सौ. म्हणते, लोकांची पत्रं खिशात ठेवायचं वय गेलं तुमचं. खरं आहे. उद्या पुन्हा मांडवगण, दोन्ही पानं घेऊन.
आप्पा नको म्हणतील अशी भीती असती तर कालच वाचलं असतं. ते एका दमात 'राहू दे तिला तिकडं' म्हणतील, भीती त्याचीच. तिचा तिकडचा अर्ज मी भरून दिला होता, दोन वर्षांत परत येईल असं आप्पांना मीच सांगितलं होतं. आता ती येणारच नाही असं वाटतं, आणि तसं झालं तर त्यांच्या ओट्यावर बसून तिची पत्रं आप्पांना मी कुठल्या तोंडाने वाचून दाखवणार, ते मला माहीत नाही.