लाल धाग्याचं खरबूज

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल लिहिलं ते चुकीचं आहे. 'पाहुण्यांनी लाल धाग्याचं खरबूज कापलं' — नाही! पाहुण्यांनी फक्त खाल्लं. कापलं ओताजोनदादाने. सख्ख्या भावाने! राग योग्य माणसावर हवा.

मी रीतीप्रमाणे आतल्या खोलीत. बाहेर जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती मला मागणी घालायला आलेली मुलाकडची माणसं. फोडींचं तबक आत आलं, आणि कडेला माझाच लाल धागा! बियाण्यासाठी राखलेलं फळ! आजोबांचं वाण, आमच्या परसाशिवाय कुठे उरलेलं नाही. दुसऱ्या वाणाचा पराग लागू नये म्हणून पहाटे उठून फुलं बांधली होती मी. बाहेर सगळे "मध! नुसता मध!" करत होते. मी फोडीला हातही लावला नाही.

मग दादाने नान मोडला. मला न विचारता. नान मोडला म्हणजे मुलगी दिली.

आणि आई? आई चहा ओतत राहिली!

१३ ऑगस्ट, बुधवार

बिया शोधल्या. दादाने सालींसकट मेंढ्यांपुढे टाकल्या होत्या.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज तोंड उघडलं. "धागा दिसला नाही तुला?"

"दिसला म्हणूनच कापलं! धागा म्हणजे सगळ्यांत गोड. पाहुण्यांपुढे काय, काकड्या ठेवू?"

"बियाणं होतं ते, दादा."

"आता तुला बियाणं कशाला? ताश्कंदला चौथ्या मजल्यावर राहणार तू. गॅलरीत चढव वेल!"

वर हसला. पुढच्या वर्षी परसात बाजारचं संकरित लावणार म्हणे. म्हणजे मीही जाणार, वाणही जाणार!

शाळेआधी आजोबांनी याच वाफ्यात मला अक्षरं शिकवली. कोवळ्या फळावर काट्याने कोरायची. फळ फुगलं की अक्षरही फुगतं, खरखरीत होऊन वर येतं. "जपून, पोरी. चूकही तेवढीच वाढते," म्हणायचे. अजून लिहिताना माझा हात थरथरतो. दादाची जीभ कधी थरथरत नाही!

१७ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर वाफ्याकडे फिरकले नव्हते. आई खेकसली, "इंतिझोर, वेलींनी काय घोडं मारलंय तुझं? पाणी घाल जा!" आणि मागोमाग आली. कोपऱ्यातलं वाळकं गवत बाजूला सारलं.

माझं फळ! अखंड! पिकून सालीवर जाळी धरलेलं, देठाशी वास सुटलेला.

"त्याला धागा कळतो, खरबूज कळत नाही," आई म्हणाली. "म्हणून पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच तुझ्या फळाचा धागा सोडून त्या शेवटच्या पाणचट फळाला बांधला. आणि सगळे कसे, मध! मध!"

दोघी पोट धरून हसलो. मग तिने गवत पुन्हा फळावर सारलं. "त्याने नान मोडला तेव्हा मला असलं काही सुचलं नाही गं."

आईबद्दल मंगळवारी लिहिलं तेही चुकीचंच.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी एका कोवळ्या फळावर काट्याने 'नाही' कोरलं. हात थरथरला नाही. आई शेजारी पाणी घालत होती. बघितलं तिने. लग्नाची तारीख ठरवायला पाहुणे येतील तेव्हा ते फळ मी स्वतः बाहेर नेऊन दस्तरखानावर ठेवणार, अक्षरं वर करून — रविवारी, ३१ ऑगस्टला.