अण्णांची वही आणि माझं मधलं नाव

ॲन आर्बर, मिशिगन
१२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप दिगंबरकाकांच्या चरणी प्रल्हादचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचं मेतकूट पोचलं (कस्टमवाल्यांनी डबा उघडून हुंगलेला, शिंकले असावेत). बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. दिवसभर खिडकीतून बर्फ बघतात आणि तुमची चौकशी करत नाहीत, म्हणजे तब्येत नेहमीसारखीच आहे.

मे महिन्यात तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला अण्णाआजोबांची भूपातली बंदिश पुरी गायची, असा तुमचा हट्ट. स्थायी तुम्हाला येते, अंतरा वहीत, आणि वही चाळीस वर्षांपूर्वी 'त्या गाणी गोळा करणाऱ्या गोऱ्याने लांबवली', हे आम्ही रामरक्षेइतक्या वेळा ऐकलंय. तर काका, वही सापडली. इथून दीड तासाच्या ड्राइव्हवर एक खासगी संगीत-संग्रह आहे, तिथे सुखरूप आहे.

आता सापडली म्हणजे मिळाली असं नव्हे. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, कुठल्या विद्यापीठाचे? म्हटलं, कुठल्याच नाही, दिवसा सॉफ्टवेअर लिहितो, हे आपलं हौसेनं. (याला इथे स्वतंत्र संशोधक म्हणतात. आपल्याकडे अपक्ष उमेदवाराला जो मान, तोच.) संस्थेचं पत्र आणा म्हणाले. मग आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विक्रम यांनी लेटरहेडवर मला 'वरिष्ठ संगीत सल्लागार' करून टाकलं. वास्तविक मी गणपतीत स्पीकरच्या वायरी जोडतो. पण पत्र चाललं.

दुसऱ्या खेपेला पेन काढून घेतलं, कोट काढून घेतला, हात धुवायला लावले (सोवळं इथेही आहे, काकूंना सांगा) आणि एका मऊ उशीवर वही आणून ठेवली. आणणारी मुलगी हिमानी, जन्म इथला, आईवडील नागपूरचे. अण्णांचं अक्षर बघून माझे डोळे भरून आले आणि हातांनी सवयीचं काम केलं, वही उचलून कपाळाला लावली. "काका, प्लीज! नो फोरहेड!" हिमानी म्हणाली. (इथे काका मी.) सकाळच्या पूजेचं गंध नशिबाने वाळलं होतं.

पानं उलटत भूपापाशी आलो. स्थायी दिसली. अंतरा मागच्या पानावर. म्हटलं, आधी फोटोकॉपीचा अर्ज देऊ, मग निवांत बघू. नको तिथे शहाणपण! अर्जात मधल्या नावाची जागा होती. इथले लोक तिथे एखादं अक्षर टाकून मोकळे होतात, पण आपल्याला वडिलांचं नाव घातल्याशिवाय अर्ज भरल्यासारखा वाटत नाही. ठसठशीत लिहिलं, प्रल्हाद चंद्रशेखर आठल्ये. एखाद्या गोऱ्या क्लार्कला त्यातून काही कळलं नसतं. हिमानीला कळलं. ती आत जाऊन एक जुना कागद घेऊन आली, तो वाचला, माझ्याकडे बघितलं, मलाही दाखवला आणि "सॉरी काका" म्हणून वही उशीसकट उचलून नेली. मागचं पान राहिलंच. घरी येऊन जेवताना मी तुमच्या सुनेला, दीपाला, सगळं सांगितलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
प्रल्हाद

ता.क. तो कागद कसला, ते वर लिहायचा धीर झाला नाही. वही कोणी लांबवली नव्हती. १९६६ साली तुम्ही ती त्या गोऱ्याला स्वखुशीने दिलीत, खाली तुमची लफ्फेदार सही आहे. अट अशी, की तुमच्या लेखी परवानगीवाचून कोणालाही नक्कल देऊ नये, आणि 'बंधू चंद्रशेखर व त्याच्या मुलांना' वही दाखवूसुद्धा नये. म्हणजे चार महिने मी जिच्यावर डोकं आपटलं ती भिंत तुमचीच. (राग नाही. हसून हसून दीपाला ठसका लागला.) परवानगीचा फॉर्म सोबत आहे, सही करून पाठवा. त्यांची कमिटी वगैरे धरून जुलै उजाडेल, असं हिमानी म्हणते.

आणखी एक ता.क. सोहळा मेमध्ये, म्हणून खरं काम हे. त्या दिवशी जेवून बाबा हात धुवायला उठले आणि बेसिनपाशी गुणगुणायला लागले. भूपच. स्थायी झाली आणि ते थांबलेच नाहीत, अख्खा अंतरा म्हणाले. तुम्ही वहीला हात लावू देत नव्हता, म्हणून अण्णा गायचे तेव्हा दाराआड उभं राहून सगळं पाठ केलं होतं म्हणे. मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? तर म्हणाले, "दादाने विचारलं कुठे?" काका, आमचा नंबर तुमच्याकडे आहे. हल्ली फोन वाजला की आमच्याआधी बाबाच उठतात.