काजळ्याचा आवाज

३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं ध्वनिमुद्रण मिळालं. पाय मोडलेल्या काजळ्या कुत्र्याचं ते विव्हळणं ऐकून ऑफिसातले सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. मामा जनावरांचा डॉक्टर असल्याचा भाचीला काय फायदा, असं आई विचारायची ना? तिला हे जरूर कळव.

आमच्या नव्या गेममध्ये मुलांनी एक पिल्लू पाळायचं, त्याला भरवायचं, फिरवायचं. आवाज खरा असला की पिल्लू जिवंत वाटेल, असं मी साहेबांना सांगितलं होतं. हा गेम गाजला, तर पुढचा माझ्या मनासारखा करू देणार आहेत. कॉलेजपासून याचसाठी तर धडपडते आहे.

काजळ्याचं प्लास्टर कधी निघणार? फोनवर तू इतका ओरडतोस, त्यापेक्षा पत्र बरं. कान शाबूत राहतात.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

१९ जुलै

चि. ठकूस,
आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. सोबत जनावर कुठे दिसेना. मुलीने हातातला टॅबलेट माझ्या टेबलावर, सुया-कात्र्यांच्या ट्रेशेजारी ठेवला आणि म्हणाली, की हे मरतंय, याला वाचवा. कंपाउंडर हसायला लागला. तेवढ्यात टॅबलेटमधून आवाज आला. तो काजळ्या होता. मी त्याचं हाड बसवत होतो, तेव्हाचा.

आईने सगळं सांगितलं. पोर गेम बंद करायला गेली की पिल्लू विव्हळतं, खुरडत मागे येतं. औषध विकत घेतलं नाही तर डोळे मिटतं. पोर दोन दिवस धड जेवली नव्हती. मी समजावलं, की हे सगळं खोटं आहे. तर म्हणाली, आवाज खरा आहे.

तीस वर्षं पू, जंत, सडलेल्या जखमा यांत हात घातले. घरी येऊन त्याच हातांनी जेवलो, कधी किळस आली नाही. मंगळवारी मात्र ताटावरून उठलो. एका मुक्या जीवाचं दुखणं मी तुझ्या भरवशावर दिलं होतं. लाडाने ठकू म्हणायचो, तू ते नाव खरं करून दाखवलंस.

तुला हे माहीत होतं का, तेवढं कळव. काजळ्या बरा आहे, पळतो.

आशीर्वाद देतो आहे, पण हात जड झालाय.

मामा

२७ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

माहीत होतं. मार्चमध्ये नव्हतं, मे महिन्यात कळलं. मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला, विव्हळणं ऐकून किती मुलं गेम बंद न करता परत फिरतात त्याचा. रेघ वर चढली तशा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग कुणीतरी सुचवलं, की डोळे मिटण्याआधी पिल्लाने एकदा शेपटी हलवावी. सगळे वाहवा म्हणाले. मामा, ती शेपटी मी हलवली. इतकी छान जमली, की मलाच माझं कौतुक वाटलं.

तुझं पत्र घेऊन मी साहेबांकडे गेले, आवाज काढून टाका म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मी दमले आहे, चार दिवस सुट्टी घ्यावी, असं सांगितलं. टेबलावर त्यांच्या मुलींचा फोटो होता. त्या हा गेम खेळतात का, असं विचारलं. तर म्हणे, घरी टॅबलेटला हातसुद्धा लावू देत नाही. हे सांगताना माणूस हसत होता!

त्याच दुपारी राजीनामा दिला. आवाज मात्र सोडवता आला नाही, मी सही केलेल्या करारानुसार तो त्यांचा झालाय. आता खोलीत बसून एकटीच एक छोटा गेम करते आहे. चित्रं, आवाज, सगळं माझंच. जमेल का, ठाऊक नाही.

माफी मागत नाही, तोंड नाही. जमलं तर लिही.

ठकू

११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

सहा महिने लिहिलं नाही, कारण राग गिळता येत नव्हता. अजून पुरता गेलेला नाही. ते पिल्लू आता थंडीने कुडकुडतं म्हणे, स्वेटर विकत घ्यावा लागतो. ऐकून शिसारी आली.

त्या पोरीला मी ऑगस्टमध्येच काजळ्याकडे नेलं होतं. त्याने तिचा हात कोपरापर्यंत चाटला. गेममधलंही बरं झालं का, असं तिने विचारलं. नाही म्हणालो. पोराबाळांशी खोटं बोलणारे पुष्कळ आहेत. ती खूप रडली, पण त्या संध्याकाळी जेवली.

तुझा होडी बांधायचा गेम पोचला. मी फळ्या उलट्या ठोकल्या आणि बुडालो. मामी तीन दिवस शीड रंगवते आहे, तिच्याकडे चहा मागायची सोय राहिलेली नाही. काल ती मुलगी आईबरोबर आली, तिलाही दिला. पंधरा-वीस मिनिटं खेळली. मग होडी काठाला लावली, टॅबलेट आपणहून बंद केला आणि पिंजऱ्यातलं मांजर बघायला पळाली. तिची आई माझ्याकडे बघतच राहिली.

तुमच्या धंद्यात याला बहुतेक नापास म्हणत असतील. म्हणू देत. दुसरा गेम करायला घे, आणि या खेपेला फळ्या कशा ठोकायच्या ते जरा नीट लिही.

लोभ आहे तिथेच आहे.

मामा