साकवावरचा आमचा खण

१० मे
साकवाची शाकारणी रविवारी ठरली. खाली सिमेंटचा पूल झाल्यापासून या लाकडी साकवावरून ओढा ओलांडतं कोण? मी आणि माझी शेळी. तरी छप्पर घालायचंच, नाहीतर पावसात फळ्या कुजतात. दोन खांबांमधला एकेक खण एकेका घराचा; ज्या घराचा खण, त्या घराने शाकारायचा. आमचा मधला. हे गेल्यानंतरची पहिलीच खेप. सुरेशला फोन केला. म्हणे, सुट्टी नाही, तूच ये चाकणला.
जाते. कान धरून घेऊन येते.
शेजारच्या विठ्ठलभावजींना सांगितलं, आमचा खण राहू द्या.

१४ मे, चाकण
लेक-सून दोघं कामावर. दिवसभर मी नि फ्रिजची घरघर. दार उघडं ठेवलं तर समोरच्या बाईने विचारलं, "कोण पाहिजे?"
सुरेशपुढे विषय काढला की मोबाइल वाजतो. बरा वाजतो.

२० मे
परत आले. एकटीच.
आमच्या खणावर नवा पेंढा! भावजी म्हणाले, "सुरेसचा फोन आला व्हता, वैनी. म्हनला, काका, तुमीच घाला, आमचं कोन न्हाई आता तिथं."
कोण नाही. मग मी कोण?
दुसऱ्याने खण शाकारला की ते घर मिटलं असं धरतात इथे. वरच्या आळीतल्या रामभाऊंच्या घराला कुलूप लागलं, तेव्हा त्यांच्या खणाचं असंच झालं. भावजींसमोरच रडू फुटलं. ते बिचारे टोपी काढून उभे.

२१ मे
सुरेश फोनवर : "एवढं काय त्यात? छप्पर झालं ना?"
पाचवीपासून घोडेगावला वसतिगृहात. त्याला कुठलं ठाऊक. सगळं सांगितलं. मग, "आई, मला खरंच माहीत नव्हतं गं."
खरं असेल. पण राग जात नाही.

२५ मे
विळा घेऊन शिडीवर चढले. बंद कापले, पेंढा खाली. नेऊन भावजींच्या गोठ्यात टाकला. बायका छपरावर चढत नाहीत म्हणे. म्हणोत.
भावजी : "पाऊस तोंडावर आलाय, वैनी. लई हट्टी तुमी."
आहेच.

२७ मे
वर पेंढा द्यायला माणूस लागतं. नाही. प्रत्येक पेंढीला खाली उतरायचं, परत चढायचं. गुडघे बोलायला लागले. दुपारपर्यंत एक ओळ झाली, तीही वाकडी. अजून बाकीचा सगळा खण उघडा आहे.
आहुप्याच्या घाटाच्या अंगाला आभाळ भरलंय. सुरेशचा फोन आला, हात दोरीत होते. नंतर मी लावला, त्याने उचलला नाही.
संध्याकाळी भावजी आले. पेंढीला हात लावेनात. लावला तर खण पुन्हा त्यांचा. मग शिडी धरली.
शिडी धरलेली चालते का, ते त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही. विचारायला जुनं माणूस कोणी उरलेलं नाही. मी वर चढले.