परवान्यातली शेवटची ओळ

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. आईलाही आधी तेवढं सांग, नाहीतर ती पाकीट फोडायच्या आतच रडायला लागेल. फोन सोडून पत्र का, ते शेवटी कळेलच. फोनवर तुझं कौतुक करायला गेलं की तू "बरं बरं, गिऱ्हाईक आलंय" म्हणतोस, दुकान बंद असलं तरी. कागदापुढे तुझी ती युक्ती चालायची नाही.

माझं काम नक्की काय, असं तू दर वेळी विचारतोस आणि मी उडवाउडवीची उत्तरं देते. आज नीट सांगते. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंच्या हातात औषधांच्या वेळा दाखवणारं एक यंत्र असतं, ते आम्ही बनवतो. त्यातला प्रोग्रॅम काही सगळा आमचा नाही. कुठल्याकुठल्या लोकांनी लिहून फुकट वाटलेले शेकडो छोटे प्रोग्रॅम त्यात जोडलेले आहेत. फुकट असले तरी प्रत्येकासोबत परवान्याची एक फाइल असते: वापरा, बदला, पण या या अटींवर. ते परवाने तपासणारं एक टूल आहे आणि त्या टूलची दुखणीखुपणी काढणारी मी. ओळखीचा परवाना दिसला की ते हिरवं दाखवतं, नाहीतर लाल. लाल ते काढून टाकायचं, हा आमच्या बाईंचा नियम. बाई म्हणजे माझी साहेब, कौतुकाच्या बाबतीत अगदी हात आखडता.

गेल्या महिन्यात एक लाल आलं. एवढासा प्रोग्रॅम, एखादी गोळी चुकली तर पुढची कधी द्यायची ते सांगणारा. लेखकाच्या जागी नुसती दोन अक्षरं. मला वाटलं, टूलच बिनसलंय, कारण महिन्यातून दोनदा ते बिनसतंच. जुने निकाल पुसून पुन्हा चालवलं, लाल. परवान्यांची नवी यादी घातली, तरी लाल. मग त्याचा सविस्तर अहवाल उघडला. त्यात म्हटलं होतं की हा परवाना नेहमीच्या एका परवान्याशी ब्याण्णव टक्के जुळतो. आम्ही पंचाण्णवच्या खाली काही मान्य करत नाही. शेवटी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लावले आणि स्क्रीनवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, तू माझा गृहपाठ तपासायचास तशी. सगळं जुळलं. फक्त तळाशी एक ओळ जास्तीची होती, तीही आपल्या भाषेत, त्यामुळे टूलची बोबडीच वळलेली: "कुणीही वापरा, पण माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात देण्याआधी मला विचारा. ती सगळं मोडते."

दादा, मी ऑफिसात सगळ्यांदेखत खो खो हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तुझ्या कीबोर्डची बटणं मी एकेक करून उपटली, साबणाने धुतली आणि टॉवेलवर वाळत घातली होती ना, तेव्हाची ही ओळ असणार. आई गोळ्या विसरायची म्हणून तू तो प्रोग्रॅम लिहिला होतास. त्याच वर्षी बाबांची नजर गेली. चष्म्याच्या दुकानात कुणीतरी बसायला हवं होतं, आणि माझा तर कॉलेजात प्रवेश झाला होता. तू कॉलेज सोडलंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उघडलंस. मी बॅग भरून माझ्या कॉलेजला निघून गेले.

बाई म्हणाल्या, काढून टाक, आपण नवा लिहू. आमच्यातले दोन पदवीधर चार दिवस खपले. दोन गोळ्या लागोपाठ चुकल्या की त्यांचा प्रोग्रॅम गडबडायचा. तुझा एकदाही गडबडला नाही. तेव्हा बाईंनी तुझा प्रोग्रॅम उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, हा माणूस आहे कोण? इतकी वर्षं कुणी विचारलं की मी "भाऊ व्यवसायात आहे" म्हणून विषय मिटवायचे. त्या दिवशी भर मीटिंगमध्ये सांगितलं, माझा दादा आहे, चष्म्याचं दुकान चालवतो. अभिमानाने मी इतकी ताठ बसले होते की शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "मॅडम, मान अवघडलीय का?"

त्याच शहाण्याने सुचवलं की टूलला सांगून टाका, या ओळीकडे दुर्लक्ष कर, मिनिटाचं काम आहे. मी साफ नाही म्हटलं. अट लेखकाची आहे, ती तोच काढू शकतो, तेही सहीनिशी. तुझा जुना ईमेल तर कधीच बंद पडलाय. पंधरा तारखेपर्यंत सही आली नाही तर तुझा प्रोग्रॅम यंत्रातून निघेल, आणि ते मला बघवणार नाही. सोबत कागद आणि परतीचं पाकीट ठेवलंय. पण सही करण्याआधी मला ती अट पाळायची आहे, कारण तुझी वस्तू खरंच त्या बहिणीच्या हातात येऊन पडलीय. तुझं कॉलेज मी न विचारताच घेतलं होतं. म्हणून या वेळी विचारते, दादा. घेऊ का? मोडणार नाही.

तुझीच,
भुणभुण