डाव्या गुडघ्याचा स्वर

प्रिय बारक्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू "बरं, बरं" करत विषय गुंडाळतोस आणि मीही तो गुंडाळू देते. तुझी लेक मजेत आहे. कॉलेजला वेळेवर जाते, ओला टॉवेल न चुकता माझ्या पलंगावर टाकते. तिढा एकच आहे. संगीत विद्यालयाच्या निवडचाचणीला दिलेलं नाव ती शनिवारी मागे घेणार म्हणते.

माझ्या पलंगाखालून आपली ती पेडल स्टील गिटार तिनेच ओढून काढली, हे तुला माहीत आहे. बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात कुणी वादक गाव सोडताना देऊन गेला होता, तीच शिकाऊ गिटार. टेबलासारखी चार पायांवर उभी, वर आडव्या तारा, खाली पेडलं आणि गुडघ्यांनी दाबायच्या दांड्या. समोरच्या काकू पडदे घेऊन आल्या होत्या, आठवतं? "एवढी शिलाई मारून दे रे," म्हणाल्या आणि तू तोंड दाबून माझ्यामागे लपलास. बाबांना मात्र हसू आलं नाही. गुडघ्याच्या दांडीवर चालणारी मशीनं त्यांनी जन्मभर दुरुस्त केली होती. त्यांच्या लेखी हे त्या मशीनांचंच एक भावंड होतं.

परवा तिला गिटार लावायला शिकवताना बाबांचे शब्द माझ्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले. आधी मोकळ्या तारा डावीकडच्या खुंट्यांनी लावायच्या. मग डावा गुडघा डावीकडे दाबायचा. दोन तारा अर्ध्या स्वराने चढतात, आणि तो चढलेला स्वर उजव्या टोकाच्या छोट्या नटांवर लावायचा. दांडी दाबायची ती वाजवणाऱ्यानेच, आणि गुडघ्यानेच. शिकाऊ वाद्याची चौकट हलकी, हाताने दाबलं तर एक स्वर लागतो, गुडघ्याने दुसरा. म्हणून तेव्हा तू स्टुलावर आणि मी टोकाशी पाना घेऊन. "वर... अजून केसभर... बास! ताई, बास म्हटलं ना!" तुझी परीक्षा पाहायला मी मुद्दाम अलीकडेच थांबायचे. तू एकदाही फसला नाहीस. तुझा गुडघा दांडीपर्यंत नीट पोचत नव्हता, म्हणून बाबांनी तिला जाड लोकरी कापडाचा तुकडा चिकटवला होता. तो अजून आहे, झिजून गुळगुळीत झालेला.

गेल्या रविवारी लेकीने तुला फोनवर वाजवून दाखवलं. तू म्हणालास, "डावी दांडी दाबलीस की वरची तार जराशी चढी लागते गं." आणि लगेच, "जाऊ दे, मला काय कळतंय, माझा कानच कच्चा." फोन ठेवल्यावर मी स्वर मोजायच्या यंत्रावर तपासलं. तार चढीच होती. काटा जेमतेम हलला, एवढीच. पण ती तुझं दुसरंच वाक्य धरून बसली. "आत्या, बाबांनाच कान नाही, तर माझ्यात कुठून येणार?"

त्या दिवशी मी जुनी डायरी काढली. तुझ्या निवडचाचणीच्या तारखेखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'बारक्याचा स्वर ढळला. रियाज कमी पडला.' बावीस वर्षं ते पान मी उघडलं नव्हतं. दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून माणूस डायरी लपवतो. मी तिच्यातही खोटं लिहून ठेवलं.

त्या सकाळी तू शर्टाला इस्त्री करत होतास. मी हाक मारली, तू म्हणालास, "आलोच ताई, पाच मिनिटं." मी थांबले नाही. वाकून डाव्या हाताने दांडी दाबली, तार छेडली, नट फिरवला, उरकलं. दारात बाबांनी विचारलं, "दोघांनी मिळून लावलीत ना?" मी म्हटलं, "हो." त्याच महिन्यात मी पुढचं शिक्षण सोडून नोकरी धरली होती, आणि तू मात्र शिकायला निघाला होतास. घाई होती म्हणून तसं केलं, असं म्हणायला फार सोपं जातं. म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही. खरं काय, ते मला आजही ठाऊक नाही.

तिथे तू गुडघा दाबलास आणि तार हवी त्याहून वर गेली. सगळ्यांआधी ते तुला ऐकू आलं. तुझी भुवई हलली, मी पाहिली. ती सावरायला तू डाव्या हातातला, तारांवर सरकवायचा स्टीलचा गज जरा मागे घेतलास, तर बाकीच्या तारा उतरल्या. परीक्षक म्हणाले, "कान तयार नाही." मी मागच्या खुर्चीत बसून होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं.

बारक्या, चूक तुझ्या कानाची नव्हती, माझ्या हाताची होती. हे लिहायला मी आजपर्यंत थांबले, आणि तेवढ्यात तुझा तो कच्चा कान तुझ्या लेकीपर्यंत वारशाने पोचला. तिला अजून काही सांगितलेलं नाही, आधी तुला सांगणं रास्त वाटलं. रागावलास तर रागाव, पण शुक्रवारी ये. गुडघा तिचा असेल, 'बास' तू म्हणायचं. पाना माझ्या हातात द्यायचा की नाही, ते तू ठरव.

तुझ्या 'बास'ची वाट पाहणारी,
तुझीच,
ताई