भोंग्याला उत्तर देणारा कुत्रा

श्रीवर्धन, चैत्र वद्य पंचमी, सन १९३४

तीर्थरूप दत्तात्रेयमामांच्या पायांशी गोदूचे दंडवत. तुमचा दमा आणि मामींचे गुडघे बरे असावेत. येथे मी बरी आहे. कुत्राही बरा आहे, आणि अडचण तीच आहे.

तुम्ही पांजरपोळातून तो पाठवलात त्याला आज नऊ आठवडे झाले. सुईणीच्या कामासाठी मला वाड्यांवर एकटीला जावे लागते, सोबतीला जनावर हवे, हे माझेच म्हणणे होते. तेव्हा तक्रार नाही. पाठवण्यापूर्वी मी पत्राने सहा प्रश्न विचारले होते. उत्तरे आली: वय पाच, वजन पंचावन्न पौंड, आई बर्फाच्या मुलखातून जहाजावर आलेली, बाप मुंबई बंदरावरचा, चावत नाही, भुंकत नाही. शेवटचे उत्तर मी गुणांत धरले. (चूक माझी. भुंकत नाही तर काय करतो, हा सातवा प्रश्न होता.)

तो रडतो. आठवड्यातून तीनदा मुंबईची बोट बंदरात येऊन भोंगा देते, तेव्हा हा अंगणात बसतो, तोंड आभाळाकडे करतो आणि भोंग्याइतकाच लांब सूर लावतो. कुत्रा रडला की गावातले माणूस जाते, हे येथे लहान मुलांनाही ठाऊक. त्यातून हा पांढरा, एक डोळा निळा, आणि राहायला सुईणीच्या दारात. शेजारच्या सोनूबाईंनी (न शिकता गावातली निम्मी बाळंतपणे यांनीच केली आहेत) भाकरी टाकून त्याला गप्प करून पाहिले. त्याने भाकरी खाल्ली आणि मग रडला.

मी तक्ता केला. बोट सत्तावीस वेळा आली, कुत्रा सव्वीस वेळा रडला, आणि रडल्यानंतर तीन दिवसांत गावात मृत्यू एक: रामचंद्रभाऊ बागवाले, वय एक्क्याण्णव, ज्यांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी दिवाळीतच हात टेकले होते. तक्ता दवाखान्याच्या दारावर लावला. लोकांनी तो लक्ष देऊन वाचला. रामचंद्रभाऊ तेवढे सर्वांच्या लक्षात राहिले. त्या दिवसापासून मला एकही बोलावणे आलेले नाही.

एवढ्यावर मी कुत्रा परत पाठवला नसता. पण बुधाजीच्या सगुणेला दिवस भरत आले आहेत. आधीची दोन मुले गेली. हे तिसरे पोटात आडवे आहे, बोलावणी थांबण्यापूर्वीच मी तपासले होते. वेळेवर बाहेरून हाताने फिरवले तर सरळ होईल. ते मी शिकले आहे, सोनूबाई शिकलेल्या नाहीत. काल आपणहून गेले, तर तिची सासू कृष्णाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"बाय, तुजा हात चांगला हाय, पन तुज्या दारात यम बोलतो. आदी त्याला घालव."

मी पिशवीतून तक्त्याची नक्कल काढली. सासूसमोर कधी न बोलणारी सगुणा आतून म्हणाली, "तक्ता नको, गोदूताय. तू ये."

मी तक्ता घडी करून ठेवला.

तेव्हा उद्या कुत्रा निघेल. बोटीने पाठवता येत नाही (भोंगा त्याच्या डोक्यावरच येईल), म्हणून इसहाक तांडेलांच्या शिडाच्या मचव्यातून. ते सुपारी भरून मुंबईला येत आहेत. त्यांचे म्हणणे, "बाई, सुपारी भिजली तर वाळवू. हा रडला तर खलाशी समुद्रात उतरतील." मी आश्वासन दिलेले नाही.

मामींना नमस्कार. जनावर पोचल्याचे एक कार्ड टाकावे.

तुमची भाची,
गोदू

ता. क. पांजरपोळात परत देऊ नये. वैशाखाच्या अखेरीस बोट बंद होते ती थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. तेवढे दिवस येथे भोंगा नाही. तेव्हा त्याला रेवसपर्यंत पोचवावे, तेथून मी घेऊन येईन. पौर्णिमेनंतरचे अजून ठरवलेले नाही.

ता. क. दुसरा. पत्रात मी त्याला कुत्रा म्हटले आहे. हाक मारताना 'सदा' म्हणावे.

ता. क. तिसरा. तुमच्या चाळीमागे गिरणी आहे आणि तिचा भोंगा दिवसातून अनेकदा होतो, हे मला ठाऊक आहे. त्याला उपाय आहे. भोंग्याआधी त्याचे दोन्ही कान दोन्ही हातांनी झाकून धरावेत आणि भोंगा संपेपर्यंत सोडू नयेत. तो गप्प राहतो. सत्ताविसाव्या वेळी मी तसेच केले होते. दुसरे काही काम मात्र तेवढ्यात करता येत नाही, आणि माझे दोन्ही हात सध्या सगुणेला हवे आहेत.